खरी ओळख मुठीच्या आत: युद्धकाळातल्या जपानी तलवारींबद्दल वाचकांचे प्रश्न

आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. १९४५ साली ब्रह्मदेशातून परतताना त्यांनी एक जपानी तलवार आणली. लोखंडी म्यानाला खाकी रंग आहे, मुठीवर तपकिरी फीत गुंडाळलेली आहे. ती लोहाराने हाताने घडवलेली की कारखान्यातली, हे कसं कळेल?
— एक वाचक, बेळगाव

मूठ आणि म्यान यांवरून काहीही ठरवू नका. जपानी लष्कराने १९३४ आणि १९३८ साली अधिकाऱ्यांच्या तलवारीचा साज ठरवून दिला. आत पातं कुठलं बसवायचं हे मात्र तलवार विकत घेणारा अधिकारी ठरवायचा. त्यामुळे त्याच खाकी म्यानात तीनशे वर्षांपूर्वीचं घराण्यातलं पातं निघू शकतं, १९४२ साली पारंपरिक रीतीने घडवलेलं पातं निघू शकतं आणि गिरणीच्या पोलादापासून झटपट केलेलंही निघू शकतं. दुसऱ्या प्रकाराला संग्राहक ‘गेंदाइतो’ म्हणतात, तिसऱ्याला ‘शोवातो’.

तुमची मूठ खरोखर फितीने गुंडाळलेली असेल तर निदान एक शक्यता बाद होते. हवालदार, नाईक अशा हुद्द्यांना १९३५ पासून सरकारी तलवार मिळे. तिची मूठ धातूची ओतीव असते, आधी तांब्याची आणि नंतर ॲल्युमिनियमची. गुंडाळलेल्या फितीचा नुसता आकार तिच्यावर ओतून रंगवलेला असतो. पात्यावर मुठीजवळ क्रमांक कोरलेला असतो. ती पूर्णपणे यंत्रावरची.

आता पातं. खोलीत अंधार करा आणि एकच उघडा दिवा लावा. ट्यूबलाइट चालत नाही, कारण तिचा उजेड पसरतो आणि बारकावे बुडतात. दिवा साधारण दोन मीटरवर, डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा वर हवा. पात्याचं टोक दिव्याकडे करा, पातं डोळ्यांसमोर आडवं धरा आणि हळूहळू कलतं करत राहा. धारेलगत एक पांढुरकी पट्टी दिसेल, तिला ‘हामोन’ म्हणतात. लोहाराने धारेला पाणी दिल्याची ती खूण.

त्यामागची रीत अशी. पाणी देण्याआधी पात्यावर मातीचा लेप देतात, पाठीला जाड आणि धारेला पातळ. मग पातं सुमारे ७५० ते ८०० अंशांपर्यंत तापवून पाण्यात घालतात. धार क्षणात गार होऊन कडक होते, पाठ सावकाश गार होऊन चिवट राहते. या दोहोंच्या सीमेवर पोलादाचे बारीक चमकते कण तयार होतात. ठळक, सुटे दिसणारे कण म्हणजे ‘निए’. धुक्यासारखे एकजीव झालेले कण म्हणजे ‘निओइ’. पारंपरिक पात्यात दिवा सरकेल तशी ही सीमा जिवंत वाटते, तिच्यातून धारेकडे बारीक रेघा उतरतात.

पाण्याचा धोका मोठा असतो. थोडं चुकलं तर धारेला तडा जातो आणि आठवड्यांची मेहनत फुकट जाते. युद्धात हजारोंनी पाती हवी होती म्हणून शोवातोसाठी तेल वापरलं गेलं. तेलात पोलाद सावकाश गार होतं, तडे कमी जातात, पण हामोन मंद आणि निर्जीव येतो. नागमोडी हामोनच्या प्रत्येक शिखराशी काळपट ठिपका दिसत असेल तर तेलाची शंका घ्या. काही पात्यांवर तर हामोन आम्लाने नुसता रंगवलेला असतो. तो सगळीकडे सारखा पांढरा दिसतो, आणि दिवा हलवला तरी त्यात काही बदलत नाही.

मग हामोनच्या वरचा भाग पाहा. पोलाद दहा-पंधरा वेळा घडी घालून ठोकलेलं असेल तर तिथे लाकडाच्या नसांसारखा पोत दिसतो. त्याला ‘हादा’ म्हणतात. शोवातोचा हा भाग आरशासारखा कोरा असतो. इथे एक सावधगिरी: जुनं पॉलिश उतरलं असेल तर अस्सल पात्यातही हादा दिसत नाही. म्हणून हादा दिसला नाही एवढ्यावरून पातं हलकं ठरवू नका. पुढची साक्ष मुठीच्या आत आहे.

आणखी एक. तलवारीसोबत लाकडाची किंवा कापडाची चिठ्ठी असेल तर ती जिवापाड जपा. शरणागतीच्या वेळी अनेक अधिकाऱ्यांनी आपलं नाव आणि पलटण लिहून ती मुठीला बांधली होती. आजोबांची पत्रं आणि सेवापुस्तिकेची प्रतही तिच्यासोबतच ठेवा. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला याच रेजिमेंटची चौथी पलटण पॅराशूट ब्रिगेडसोबत लढली होती. तलवार कुठल्या आघाडीवरून आली हे कागदावर असेल तर तिचं मोल पोलादापलीकडे जातं.

मूठ स्वतः काढता येते का? मोडेल अशी भीती वाटते.
— एक वाचक, कोल्हापूर

येते, घाई केली नाही तर. आधी मूठ, तिच्यापुढची परज (त्सुबा) आणि परजेच्या दोन्ही बाजूंच्या पातळ चकत्या (सेप्पा) यांचे जवळून फोटो घ्या. चकत्या बऱ्याचदा सहा-आठ असतात. त्यांचा क्रम चुकला तर मूठ पुन्हा घट्ट बसत नाही.

मूठ पात्याला धरून ठेवते ती बांबूची एक खुंटी, ‘मेकुगी’. युद्धाच्या शेवटच्या काळातल्या नमुन्यात अशा दोन खुंट्या असतात, तर काही मुठींत बांबूऐवजी स्क्रू असतो. खुंटी निमुळती असते, म्हणून ती बारीक टोकाकडूनच बाहेर ढकलायची. चार-पाच मिलिमीटरची पितळी कांडी आणि हलकी लाकडी हातोडी पुरते. लोखंडी खिळा वापरला तर भोकाची कड फुटते. खुंटी हलत नसेल तर हलक्या खनिज तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर थांबा. ड्रिल लावायचं नाही.

खुंटी निघाली की डाव्या हाताने मुठीचं शेवटचं टोक धरा. पातं जवळजवळ उभं हवं, धार तुमच्यापासून लांब. उजव्या मुठीने डाव्या मनगटावर ठोका द्या. दोन-चार ठोक्यांत पातं वर सरकतं. ते सरकलं की कापडाने पाठीकडून धरून उचला.

सरकलं नाही तर आत गंज धरलाय असं समजा. पातं हाताने ओढायचं नाही, कारण हात निसटला की बोटं जातात. परजेवर लोखंडी हातोडी मारायची नाही. मऊ लाकडाच्या ठोकळ्यात पातं शिरेल एवढी खाच करा, ठोकळा परजेला टेकवा आणि त्या ठोकळ्यावर दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हलके ठोके द्या. तरीही हललं नाही तर थांबा. आतलं लाकूड ऐंशी वर्षांचं आहे आणि ते उभं चिरतं.

सुट्या भागांवर बारीक अंक ठोकलेले दिसतील. परज, चकत्या आणि इतर भाग यांवर एकच अंक असेल तर साज मूळचा आहे, कुणी अदलाबदल केलेली नाही.

मुठीतल्या भागावर जपानी अक्षरं आणि एक छोटा शिक्का आहे. भाषा येत नाही, तरी काही वाचता येईल का? आणि तो गंज घासून काढू का?
— एक वाचक, नाशिक

गंज घासू नका. हे उत्तर आधी देतो, कारण इथे झालेली चूक परत दुरुस्त होत नाही. पात्याचा मुठीत शिरणारा भाग म्हणजे ‘नाकागो’. त्यावरचा गंज हाच वयाचा दाखला असतो. १९४० च्या आसपासचा नाकागो फिकट तपकिरी, आणि त्यावरचे कानशीचे आडवे-तिरपे फटकारे अजून स्वच्छ असतात. गंज काळा, गुळगुळीत, खोल मुरलेला असेल, भोकं एकापेक्षा जास्त असतील आणि नाकागो कापून आखूड केल्यासारखा वाटत असेल तर लष्करी साजात शेकडो वर्षांचं पातं बसवलेलं असण्याची दाट शक्यता आहे. वायर ब्रश फिरवला की हा सगळा पुरावा जातो. तेलही चोळू नका. कोरड्या सुती कापडाने धूळ झटकली की पुरे.

आता वाचन. एका बाजूला लोहाराचं नाव असतं, बरेचदा आधी गाव. दुसऱ्या बाजूला तारीख असेल तर ती तुम्ही स्वतः लावू शकता. सुरुवातीची दोन अक्षरं ‘शोवा’ ही कालगणना सांगतात. पुढे आकडा, मग ‘वर्ष’, पुन्हा आकडा, मग ‘महिना’ आणि शेवटी ‘दिवस’. आकड्यांपैकी एक, दोन, तीन म्हणजे तितक्याच आडव्या रेघा. अधिक चिन्हासारखं अक्षर म्हणजे दहा. कौलारू छपरासारखे दोन फाकलेले फटकारे म्हणजे आठ. ‘दिवस’ म्हणजे मधे एक आडवी रेघ असलेला उभा चौकोन. ‘महिना’ तसाच, पण आत दोन रेघा आणि खाली दोन पाय सुटलेले. शोवा वर्षात १९२५ मिळवा की इसवी सन मिळतो. शोवा १७ म्हणजे १९४२. ‘आठवा महिना, दिवस’ एवढंच असेल आणि दिवसाचा आकडा नसेल तर बिचकू नका, तारीख लिहायची रीतच तशी आहे.

शिक्का साधारण तांदळाच्या दाण्याएवढा असतो. भिंग दहापट हवं. फुलाच्या आत ‘शोवा’चं किंवा ‘सेकी’ गावाचं अक्षर असेल तर पातं तपासणीतून गेलेलं, पण बहुधा पारंपरिक नव्हे. सेकी हे गिफू प्रांतातलं लोहारांचं जुनं गाव, आणि युद्धकाळातली पुष्कळ शोवातो तिथलीच. नांगराचा शिक्का नौदलाच्या कारखान्याचा. तिथली पाती बऱ्याचदा न गंजणाऱ्या पोलादाची असतात. पाच टोकांचा तारा दिसला तर मात्र आनंद माना. लष्कराने काही निवडक लोहारांना मान्यता दिली होती. त्यांना लष्कराकडून ‘तामाहागाने’ हे पारंपरिक पोलाद आणि कोळसा मिळे, आणि पुरी झालेली पाती तपासून त्यावर तारा उमटवला जाई. तारा म्हणजे परंपरागत घडण, हे बहुतेक वेळा खरं ठरतं. तरीही पातं दिव्यासमोर धरून पाहिल्याशिवाय शब्द देऊ नका.

शिक्का नसणं हा पुरावा दोन्हीकडे झुकतो. खासगी मागणीवर घडवलेल्या उत्तम पात्यांवर शिक्का नसतो, आणि शिक्का न मारलेली शोवातोही आहेत.

सही कोरलेली आहे म्हणून ती लोहाराच्याच हातची असेल असंही नाही. सेकीत नाव कोरणारे वेगळे कारागीर असत. दहा वेगवेगळ्या लोहारांची नावं एकाच वळणात कोरलेली सापडतात. एकाच लोहाराच्या दोन सह्या जुळत नाहीत म्हणून एक खोटी, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही.

नाव लागलं तर शोध घेण्यासारखा आहे. त्या काळातले लोहार पुढे मोठे झाले. तोक्योत १९३३ साली कुरिहारा आकिहिदे यांनी तलवारी घडवण्याचं विद्यालय काढलं. तिथे शिकलेल्या मियाइरी आकिहिरा यांना १९६३ साली जपान सरकारने ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान दिला. युद्धकाळ म्हणजे नुसती घसरण असं मानणाऱ्यांनी ही पाती हातात घेऊन पाहावीत.

परदेशी विक्रेता ‘यासुकुनी तलवार’ म्हणून एक तलवार विकतोय. भाव बराच उतरवलाय. घ्यावी का?
— एक वाचक, पुणे

तोक्योतल्या यासुकुनी मंदिराच्या आवारात १९३३ साली तलवारी घडवणारी संस्था सुरू झाली आणि १९४५ साली थांबली. बारा वर्षांत तिथे सुमारे ८,१०० पाती झाली. तिच्यासाठी शिमाने प्रांतात पारंपरिक भट्टी, ‘तातारा’, पुन्हा पेटवली गेली. त्याच भागात १९७७ साली ती नव्याने चालू झाली. आजही अशा एका भट्टीत तीन दिवस-रात्र सुमारे दहा टन लोहवाळू आणि बारा टन कोळसा जाळावा लागतो. त्यातून साधारण अडीच टनांचा ढेप निघतो आणि उत्तम पोलाद हाती येतं टनाभराच्या आतच. हे पोलाद कुणी उगाच स्वस्तात देत नाही.

विक्रेत्याकडे नाकागोच्या दोन्ही बाजूंचे सरळ उजेडातले फोटो मागा. इथल्या लोहारांच्या नावात ‘यासु’ हे अक्षर आधी येतं: यासुनोरी, यासुहिरो, यासुमित्सु. नाकागोवरची कानस अत्यंत नेटकी असते आणि कारखान्याचे शिक्के नसतात. पातं सडपातळ, बाक सुबक, हामोन बहुधा सरळ.

नकली मालाच्या काही ठळक खुणा सांगतो. अक्षरं छिन्नीने खणलेली असतील तर प्रत्येक फटकाऱ्याच्या कडेला धातू किंचित उचललेला असतो. नकलीत अक्षरं आम्लाने कुरतडलेली किंवा यंत्राने खरवडलेली असतात, कडा बोथट. गंज केशरी, पावडरसारखा, बोटाला लागणारा असतो. पात्याची पाठ आणि पात्याच्या मधली उंचवट्याची रेघ टोकाशी जिथे मिळतात तिथे रेषा गोलसर झालेल्या दिसतात. खऱ्या पात्यात तिथे कडा सुरीसारख्या स्पष्ट असतात. नाकागोचा फोटो द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर विषय तिथेच संपवा.

आणि पातं अस्सल असलं तरी धार तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. धारेला काटकोनात गेलेला केसाएवढा तडा, ‘हागिरे’, हा सगळ्यात वाईट दोष. तो फोटोत दिसत नाही. पातं दिव्याकडे धरून भिंगातून धारेची सगळी लांबी पाहावी लागते. हा दोष दुरुस्त होत नाही आणि किंमत जवळजवळ शून्यावर येते.

नाकागोवर ‘कोआ इश्शिन’ असं आहे. ही पारंपरिक मानायची का?
— एक वाचक, ठाणे

काटेकोर अर्थाने नाही. दक्षिण मांचुरिया रेल्वे कंपनीने मांचुरियातल्या लोखंडापासून ही पाती केली. कडक पोलादाच्या नळीत मऊ लोखंडाचा गाभा घालून ती ठोकून एकजीव करत. तामाहागाने नाही, घड्या नाहीत, म्हणून गेंदाइतोच्या व्याख्येत बसत नाहीत. पण कडाक्याच्या थंडीत न तुटणारं पातं करायचं या हेतूने विचारपूर्वक केलेलं काम आहे, आणि संग्राहकांत त्यांना मान आहे. वर्ष बहुधा जुन्या साठ वर्षांच्या चक्रातल्या नावाने कोरलेलं असतं, सोबत क्रमांकही असतो. ‘पारंपरिक’ म्हणून जादा पैसे मात्र मोजू नका.

आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या सुऱ्यासुद्धा गंजतात. अशी तलवार कशी जपायची?
— एक वाचक, रत्नागिरी

पहिला नियम: पात्याला बोट लावायचं नाही. घामाचा ठसा दमट हवेत एका रात्रीत गंज धरतो आणि तो आकार पॉलिश केल्याशिवाय जात नाही. पात्यासमोर बोलायचंही नाही, तोंडातून तुषार उडतात.

महिन्यातून एकदा, आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी, पातं म्यानातून काढा. काढताना पाठ म्यानाच्या आतल्या बाजूवर टेकवून सरकवा, धार लाकडाला लागू देऊ नका. मऊ धुतलेल्या सुती कापडावर शुद्ध अल्कोहोल घेऊन पाठीकडून पकड धरत मुठीपासून टोकाकडे एकाच दिशेने पुसा. जुनं तेल उतरलं की नवं लावा. लवंगेचं पारंपरिक तेल किंवा वास नसलेलं हलकं खनिज तेल, दोन-तीन थेंब पूर्ण पात्याला पुरतात. तेलाचा थर दिसता कामा नये. जास्त तेल म्यानात मुरतं, धूळ धरून ठेवतं आणि ती धूळ पुढच्या वेळी पातं ओरखडते. खोबरेल, तिळेल, शिवणयंत्राचं जुनं तेल नको. खाद्यतेलं चिकट होतात आणि वाळून पिवळा थर धरतात.

पारंपरिक पावडरीची पुरचुंडी (उचिको) नवख्याने वापरू नये. तिच्यात दगडाची भुकटी असते, दर वेळी थोडं पॉलिश झिजतं.

लष्करी म्यानावर चामड्याचं आवरण असेल तर ते ओल धरतं. तलवार त्यात कायम ठेवू नका. उत्तम उपाय म्हणजे मॅग्नोलियाच्या लाकडाचं साधं म्यान, ‘शिरासाया’, आणि लष्करी साज वेगळा. कपाटात सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहील असं पाहा. अगदी स्वस्तातला नको, बरा आर्द्रतामापक घ्या. सिलिका जेलच्या पुड्या कपाटात ठेवा, म्यानात नको. म्यान अति सुकलं की शिवण उकलते.

लाल गंजाचा ठिपका आढळला तर सँडपेपर, ब्रासो, राख, चिंच, लिंबू यांपैकी काहीही लावू नका. तेलाचा थेंब टाकून दिवसभर ठेवा, कापडाने टिपा, पुन्हा टाका. वाढ थांबली की तिथेच सोडा.

पॉलिश करून घ्यावं म्हणतो. तलवार जपानला पाठवू का? भारतात आणि इथे इंग्लंडमध्ये कायदा काय म्हणतो?
— एक वाचक, लंडन

आधी हिशेब करा. प्रशिक्षित पॉलिश कारागीर इंचाच्या हिशेबाने पैसे घेतो आणि तो दर शंभर डॉलरच्या पुढेच असतो. सव्वीस इंचांच्या पात्याला अडीच-तीन हजार डॉलर सहज लागतात. नैसर्गिक दगडांची रांगच्या रांग वापरून काम आठवडे चालतं. शोवातोवर हा खर्च कधीच वसूल होत नाही. गेंदाइतोवरही आधी छोटी खिडकी, म्हणजे दोन-तीन इंचांचा तुकडा, पॉलिश करून घ्या. हादा आणि निए दिसले तरच पुढे जा. चाकूला धार लावणाऱ्याकडे किंवा बफिंग मशीनवर पातं देऊ नका. मशीनवर धार तापते, कडा गोल होतात आणि गेलेलं पोलाद परत येत नाही.

जपानला पाठवण्यात एक मोठा धोका आहे. तिथे पातं पोचल्यावर त्याची नोंदणी व्हावी लागते, आणि नोंदणी फक्त पारंपरिक रीतीने घडवलेल्या, कलामूल्य असलेल्या पात्यांची होते. शोवातो नाकारली जातात आणि नाकारलेलं पातं नष्ट होऊ शकतं. पातं कोणतं आहे याची खात्री नसताना पाठवू नका. परत आणताना जपानच्या सांस्कृतिक विभागाचा परवाना लागतो.

इंग्लंडमध्ये २००८ पासून ५० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब, बाक असलेल्या तलवारींच्या विक्रीवर बंदी आहे. १९५४ पूर्वीच्या किंवा पारंपरिक रीतीने हाताने केलेल्या तलवारींना सूट आहे. म्हणून नाकागोचे फोटो आणि तारखेचं वाचन कागदावर सोबत ठेवा.

भारतात तलवारी १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली येतात. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या भागात ती बाळगायलाच परवाना लागतो. परदेशातून आणायची तर आयातीचा परवाना आधी हवा, नाहीतर कस्टममध्ये अडकते. महाराष्ट्रात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली निघणाऱ्या मनाई आदेशांत तलवार सार्वजनिक जागी नेण्याला बंदी असते, त्यामुळे ती दाखवायला न्यायची असली तरी आधी पोलिसांना लेखी विचारा. तुमच्या जिल्ह्यात काय लागू आहे ते जिल्हाधिकारी कार्यालयाच्या किंवा पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत कळतं. लष्करी साजात शंभर वर्षांहून जुनं पातं निघालं तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही पाहा. त्या कायद्याखाली येणारी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, पॉलिशसाठीसुद्धा नाही. अशा पात्याचा नाकागो आधी तज्ज्ञाला फोटोंवरून दाखवा, आणि वय ठरेपर्यंत तेल लावून, कोरड्या जागी, आहे तसं राहू द्या.